बिरदेवाची बेरीज

बिरदेवा, परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तू शांत, मनमिळाऊ आणि वक्तशीर होतास, असं मला तिथे कळलं. तीन भाषणं झाली आणि एकाही भाषणात तू आयुष्यभर काय करत होतास ते आलं नाही. मराठीच्या बाईंनी तुला 'विज्ञानाचा मूक उपासक' म्हटलं. पाच वर्षं रोज संध्याकाळी माझं डोकं खाणारा माणूस मूक होता म्हणे. मी बोलायला उठलो नाही, कारण उठलो असतो तर भांडलो असतो. म्हणून आता घरी लिहायला बसलोय. तसंही माझं भांडण त्यांच्याशी नाही, तुझ्याशीच आहे, आणि ते अर्धं टाकून तू गेलास.

तू फिजिक्सचा आणि मी झूऑलॉजीचा. आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली तू सांगलीत रुजू झालास आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिलास. मी बेडकाच्या मांडीतली नस मोकळी करून मुलांना दाखवत होतो. मुलं गेली आणि तू विचारलंस, "सर, मेंदूतल्या एका पेशीला किती जणींचं ऐकावं लागतं?" मी म्हणालो, हजारोंचं. "मग ती ऐकती कुणाचं?" मी म्हणालो, सगळ्यांचंच. कुणी म्हणतं पेट, कुणी म्हणतं गप्प राहा. ती सगळ्यांची बेरीज करते आणि बेरीज पुरेशी वर गेली तरच पेटते. तू स्टुलावर बसलास. बराच वेळ बेडकाकडे बघून म्हणालास, "म्हंजे लोखंडागतच की हे." त्या दिवसापासून माझ्या संध्याकाळी माझ्या राहिल्या नाहीत.

लोखंडाचं तू मला कितीतरी वेळा समजावलंस, तेव्हा कुठे ते माझ्या डोक्यात शिरलं. लोखंडाच्या तुकड्यात असंख्य चिमुकली चुंबकं असतात. प्रत्येक चुंबक शेजाऱ्यांकडे बघतं आणि आपलं तोंड वर करायचं की खाली ते ठरवतं. वरून कुणाचा हुकूम नसतो, तरी सगळ्यांचं मिळून काहीतरी एक ठरतं. तुझं म्हणणं असं की मेंदू हे तसलंच लोखंड आहे, फक्त इथे काही शेजारी मित्र असतात आणि काही वैरी. दोन पेशी एकदम जाग्या झाल्या की त्यांची मैत्री घट्ट होते, आणि मैत्री-वैराचं हे बदलत जाणं म्हणजेच शिकणं. जे पेशींना जमतं ते तारांना आणि दिव्यांनाही जमलं पाहिजे, म्हणजे शिकणारं यंत्र करता आलं पाहिजे. आठवण म्हणजे त्या यंत्रातली एक खोलगट जागा. वरून कुठूनही पाणी ओता, ते तिथेच जाऊन साठणार. हे सगळं तू मला माझ्याच फळ्यावर सांगितलंस आणि माझी गांडुळाची आकृती पुसून टाकलीस.

जगात इतरही दोन-चार माणसं या वाटेनं चालली होती. त्यांचे लेख बोटीनं यायचे, आपल्यापर्यंत पोचेपर्यंत शिळे व्हायचे. कॉम्प्युटर आपण दोघांनीही फोटोतच पाहिला होता. मी म्हणालो, यंत्राशिवाय तुझं यंत्र तपासणार कसं? तू म्हणालास, "पोरं हायत की."

ती सकाळ मी विसरणार नाही. एनसीसीची पोरं तू मैदानावर चौकोनात मांडलीस. प्रत्येकाला त्याचे मित्र कोण आणि वैरी कोण ते पाठ करायला लावलंस. मित्र उभा असला तर एक मिळवायचा, वैरी उभा असला तर एक वजा करायचा. बेरीज वर गेली तर उठायचं, खाली गेली तर बसायचं. ही मैत्री-वैरं तू अशी वाटली होतीस की पोरांच्या नकळत त्यांच्यात एक फुली दडलेली होती. मी गच्चीवर उभा होतो. तू मुद्दाम मोडकीतोडकी फुली मांडलीस, चारदोन पोरं चुकीच्या जागी उभी केलीस, आणि शिट्टी मारलीस. पोरं उठली, बसली, पुन्हा उठली, आणि बघता बघता मैदानावर स्वच्छ फुली उभी राहिली. त्यातल्या एकालाही फुली माहीत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो मी तुला कधी सांगितला नाही. सांगितलं असतं तर तू आठवडाभर चिडवलं असतंस.

दुसऱ्या खेपेला गोची झाली. पोरं उठली, बसली आणि भलत्याच आकारात थांबली. ना फुली, ना दुसरं काही. पाय मोडलेल्या बाकासारखं काहीतरी. तू शिट्टीवर शिट्टी मारलीस, पण कुणी हलेना. गच्चीवरून मी ओरडलो, अरे चुकलंय, हला की. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सर, माझी बेरीज बरोबर हाय." त्याच्या शेजारचाही तेच म्हणाला. तू प्रत्येकाची बेरीज तपासलीस. सगळ्यांची बेरीज बरोबर होती आणि आकार चुकीचा होता. प्रत्येक जण दुसऱ्यामुळे अडकला होता आणि स्वतः दुसऱ्याला अडकवून बसला होता. न शिकवलेला खड्डा, असं तू त्याला नाव दिलंस.

आणि नेमके त्याच वेळी संस्थेचे अध्यक्ष फाटकातून आत आले. निम्म्या पोरांचे बाप-चुलते पलटणीत, मोठं माणूस दिसल्यावर ती बसतील कशी? सगळं मैदान खाडकन उभं राहिलं. मित्र-वैरी, अधिक-वजा, सगळं गेलं वाऱ्यावर. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "बसा, बसा." सगळी बसली. पुन्हा कुणी उठेना, कारण उभा कुणीच नाही, मग बेरीज करायची कशाची? "कवायत लय झकास बसवलीय," म्हणून अध्यक्षांनी तुझी पाठ थोपटली. मी हसून हसून गच्चीच्या कठड्यावर पडलो होतो. तू मात्र गंभीरपणे मला खालून सांगत होतास, "आन्या, हे बाहीरचं चुंबक. हेबी गणितात धराय पायजे."

तुझ्या त्या खड्ड्यावर पुढची सगळी वर्षं गेली. त्यातून बाहेर कसं यायचं, हा तुझा प्रश्न होता. तुझं उत्तर साधं होतं. प्रत्येकानं अधूनमधून, काही कारण नसताना, शेजाऱ्यांचं ऐकायचं नाही. बेरीज बस म्हणत असताना उठायचं. लोखंडाला आच दिली की त्यातली चुंबकं असलाच वेडेपणा करतात आणि अडकलेली सुटतात. "थोडी आच पायजे गड्या. लय न्हाई, थोडी." हे तू इतक्या वेळा म्हणालास की माझी बायकोसुद्धा शेगडीपाशी ते म्हणायला लागली.

भांडण दुसऱ्याच गोष्टीवर होतं. तू सिद्ध केलं होतंस की असं यंत्र कुठे ना कुठे थांबतंच, पण त्याला एक अट होती. माझं तुझ्यावर जेवढं वजन, तेवढंच तुझं माझ्यावर पाहिजे. मी म्हणालो, बिरदेवा, ही तुझ्या लोखंडाची गोष्ट झाली. जिवंत नस एकाच दिशेनं बोलते. मी तुझं ऐकतो म्हणून तू माझं ऐकशील असं जीवसृष्टीत कुठेही लिहिलेलं नाही. तू चिडलास. म्हणालास, मग माझी सिद्धता बसत न्हाई. मी म्हणालो, ती माझी अडचण नाही. आठवडाभर आपण चहा वेगवेगळा प्यायलो. नंतर तूच कप घेऊन आलास आणि म्हणालास, "बोल पुन्यांदा. कुठली नस, कसली नस?" तुझ्याइतकं मनापासून भांडणारं माणूस मला पुन्हा मिळायचं नाही. माझं ज्ञान बेडकाच्या मांडीपाशी थांबलं होतं, ते तू फरफटत पुढे नेलंस. हे उपकार मी तुझ्या तोंडावर कधी मान्य केले नाहीत, आता करतो.

मग मुंबईच्या एका संशोधन संस्थेनं तुला बोलावलं. दोन वर्षं, काम फक्त हेच. तिथे कॉम्प्युटर होता, आणि पोरांची कवायत घ्यायची गरज नव्हती. अध्यक्षांना कळलं तेव्हा त्यांनी तुला घरी जेवायला बोलावलं. म्हणाले, असा माणूस आम्ही सोडायचा नाही. जायचंच असेल तर राजीनामा द्या, पण आमचं मन मोडेल. ते खरोखर प्रेमानं बोलत होते, आणि म्हणूनच तुझी पंचाईत झाली.

त्याच सुमाराला तुझे आबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरले होते. ऊस तुटला की आमच्याकडे रानात मेंढरं बसवतात, रात्रभराच्या लेंड्यांनी रान पोसतं. मलकापूरला आमच्या मळ्यातही धनगरांची मेंढरं बसायची, त्यामुळे मला ते नवं नव्हतं. नवं होतं ते तुम्हा बापलेकांचं बोलणं. आपण तिघे वाघरीच्या जाळ्यापाशी बसलो होतो, मेंढरं आत, आपण बाहेर. आबा तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी मला विचारलं, "सर, ह्यो जेवला का?" मी तुझ्याकडे बघितलं. तू मला म्हणालास, "जेवलो म्हणावं." मी आबांना म्हणालो, जेवला. आबा म्हणाले, "वाळलाय म्हणावं लय." मी वळून तुला सांगितलं, वाळलायस. टपालखात्यानंही इतकं इमानदार काम केलं नसेल.

परतताना मी तुझी टर उडवली तेव्हा तू सांगितलंस. बापासमोर थेट तोंड उघडायचं नाही, अशी तुमच्याकडे रीत. तुझी आई होती तोवर सगळं तिच्यातून जायचं. ती चुलीपाशी बसून त्याचं ह्याला आणि ह्याचं त्याला सांगायची, वर पदरचे चार शब्द घालायची. ती गेली आणि मधली वाट बंद झाली. पारूवहिनी तुझी बायको, म्हणजे आबांची सून, ती सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, बोलायचं दूरच. मी म्हणालो, मग मुंबईचं मी विचारतो त्यांना. तू सायकल थांबवलीस. "न्हाई. ह्यातलं न्हाई इचारायचं. इचारलं तर त्येला जा म्हणावं लागंल. एकटा म्हातारा, मेंढरं, गुडघं गेल्यालं. तोंडानं जा म्हणंल आन् मनात न्हाई म्हणंल." मी म्हणालो, तुला काय ठाऊक मनात काय ते? तू म्हणालास, "बाप हाय माझा."

दुसऱ्या दिवशी तू माझ्या फळ्यावर बेरीज मांडलीस. थट्टेत सुरुवात केलीस, हे मला आठवतं. कॉलेज, वजा. पारूवहिनी म्हणाली होती तुमी जाल तिथं मी, म्हणून शून्य. मी, अधिक. खड्ड्याचा प्रश्न, अधिक, आणि त्याला तू चांगलं मोठं वजन दिलंस. मग आबा. त्यांच्यापुढे वजा लिहिलंस आणि सगळ्यांत मोठा आकडा घातलास. खडू न थांबवता बेरीज केलीस. खाली गेली. तू खडू ठेवलास आणि खाली फरशीवर बसलास, मैदानातल्या त्या पोरांसारखा. मला हसू आलं, मग येईनासं झालं. मी म्हणालो, अरे, तूच म्हणतोस ना थोडा वेडेपणा पाहिजे. बेरीज काहीही म्हणो, ऊठ आणि जा. तू म्हणालास, "माझी आच कमी पडती, आन्या." मुंबईला नाही म्हणून कळवलंस आणि पुढच्या तासाला घंटेबरोबर वर्गात गेलास. वक्तशीर म्हणतात ते खोटं नाही.

त्यानंतर तू कुढला नाहीस, हे मला सांगितलं पाहिजे. काम करत राहिलास. पण खिडकीपाशी उभा राहायला लागलास. बोलता बोलता थांबायचास. तेच गणित पुन्हा पुन्हा मांडायचास आणि तिथेच यायचास. मला वाटायचं, ह्याला धरून गदागदा हलवावं. मी कुठला हलवणार? माझी शेती मलकापूरला, भाऊ पलटणीत, आई अंथरुणाला, माझी बेरीज माझ्या जागी बरोबरच होती. रोज पाचाला प्रॅक्टिकल संपायचं, तू यायचास, आणि बाहेर अंधार पडेपर्यंत आपण एका अशा गोष्टीवर बोलायचो जी या जिल्ह्यात तिसऱ्या कुणाला कळत नव्हती. मला ते सुख होतं. तुला ते पुरत नव्हतं, हेही मला दिसत होतं.

काविळीनं तुला पंधरवड्यात नेलं. दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी मोसंब्या घेऊन आलो, आणि तू मोसंब्यांकडे बघितलंही नाहीस. म्हणालास, "तुझं एकतर्फी वजनाचं धरून बघितलं. यंत्र थांबतच न्हाई. गोल गोल फिरत ऱ्हातंय, कवा हितं, कवा तितं." मी म्हणालो, म्हणजे मी जिंकलो. तू हसलास. "जिंक की. थांबण्यापरास फिरल्यालं बरं." सिद्धता लिहून दाखवतो म्हणालास. ताप उतरू दे, मग, असं मी म्हणालो. ताप उतरला नाही. मी आता ती मांडायला बसतो आणि दुसऱ्या ओळीत अडकतो. मला गणित येत नाही, बिरदेवा. रोज बसतो आणि रोज तिथेच अडकतो. आणि मला तुझा असा राग येतो की खडू भिंतीवर फेकावासा वाटतो.

काल मी तुझ्या गावी गेलो. वडूजला एसटीतून उतरून पुढे चालत. आबा गोठ्याच्या सावलीला बसले होते, पारूवहिनी आत होती. मेंढरं चुलतभावानं रानात नेली होती. आबांनी पाणी दिलं, माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाले, "सर, त्येचं काय काम हुतं वो? मला कुणी सांगितलंच न्हाई." मी सांगितलं. मेंढरं जशी शेजारच्या मेंढराकडं बघून वळतात, तशा मेंदूतल्या पेशी एकमेकींकडं बघून वळतात, आणि त्यातून आठवण कशी होते ते बिरदेव शोधत होता. ते ऐकत राहिले. मला वाटलं पटलं नाही. ते म्हणाले, "आन् ते मम्मईला व्हणार हुतं."

त्यांना मुंबईचं ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं म्हणे.

"म्या मेंढरं इकायला काढली हुती, सर. गिऱ्हाईकबी बघून ठेवल्यालं. म्हणलं, ह्यो सांगंल जातो म्हणून, तवा आपुनबी जाऊ त्येच्यासंगं. हितं कोन हाय आता? वाट बघितली. मेंढरं बसवाय खाली उतरलो, तवा तुमीबी हुता. वाटलं आज बोलंल. बोलला न्हाई. म्हणलं, त्येलाच जायाचं नसंल, आपुन इचारून कशाला भरीला घालायचं? गिऱ्हाईकाला न्हाई म्हणून सांगितलं."

बिरदेवा, तू माझ्याशी भांडत होतास ना, की वजन दोन्हीकडून सारखं असतं. तुमच्या दोघांचं सारखं होतं. तू त्यांच्याकडे बघून गप्प बसलास आणि ते तुझ्याकडे बघून. फळ्यावरचा तुझा सगळ्यांत मोठा आकडा बरोबर होता, त्याच्या आधीचं चिन्ह चुकीचं होतं. ते बदललं की बेरीज किती वर जाते हे मी तिथे बसल्या बसल्या मनात केलं, आणि मला आबांकडे बघवेना.

मग आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तवा वाटलं त्येलाच जायाचं न्हाई. आता त्यो गेल्यावर मनात येगळंच येतंय. तुमास्नी ठाव असंल. कुणापायी ऱ्हायला वो त्यो?"

मी म्हणालो, "कॉलेजपायी, आबा. अध्यक्षांनी सोडलं नाही त्याला."

त्यांनी मुंडासं सोडलं, मांडीवर झटकलं आणि पुन्हा बांधलं. "बरं झालं इचारलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझ्यापायी ऱ्हायलं पोरगं."